हजेरीपटावरचं नाव

हिंदी पुस्तकांत लोकमान्यांचं नाव 'बाल गंगाधर तिलक' असं छापतात. आपल्या डोळ्यांना त्याची सवय झाली आहे, त्यामुळे त्यात काही खटकत नाही. पण जरा थांबून पाहिलं तर एकाच माणसाच्या नावातले दोन ळ त्यात गळून गेले आहेत. बाळचा बाल झाला आणि टिळकांचे तिलक. गंमत अशी, की 'बाळ' हे त्यांचं ठेवलेलं नावही नव्हतं. पाळण्यात नाव ठेवलं होतं केशव. घरात बाळ म्हणत, त्यावरून बळवंतराव झाले आणि केशव मागे पडला. म्हणजे मराठी माणसांनी घरातल्या हाकेचं नाव इतिहासात नेलं आणि हिंदीने ते स्वतःच्या कानाप्रमाणे वळवून घेतलं. लोकमान्यांचं त्यात काही बिघडलं नाही. कुठेही, कसंही लिहिलं तरी ते लोकमान्यच. पण तुमच्याआमच्या घरातल्या पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरात असंच कुणी वळवून लिहिलं तर काय होतं, हा आजच्या लेखाचा विषय.

मराठी घरात मुलाला एकच नाव असतं असं म्हणणारा माणूस मराठी घरात राहिलेला नसावा. पाळण्यातलं नाव वेगळं, पत्रिकेतलं वेगळं, आजीने हाक मारायचं वेगळं. बाबू, बंडू, छोटू, चिंगी, सोनी, गोट्या, बेबी. आमच्या गोव्यात बाबलो, बाबुली, बाय. आपल्या कवी बोरकरांना बाळकृष्ण म्हणून किती लोकांनी हाक मारली असेल? ते बाकीबाबच. बांदोडकर भाऊ, काकोडकर ताई. आपल्याकडे माणूस जितका जवळचा किंवा मोठा, तितकं त्याचं कागदावरचं नाव मागे जातं.

शाळेला हे परवडत नाही. शाळेला एका मुलाचं एकच नाव लागतं, एकच जन्मतारीख लागते, आणि दोन्ही पहिल्याच दिवशी लागतात. जन्मतारखेची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यातही एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो. आईला तिथी आठवायची, पूर आला होता ते साल आठवायचं, मग मास्तर सहा वर्षं मागे मोजून एक जून घालून मोकळे व्हायचे. हिंदी पट्ट्यात हीच तारीख एक जुलै होते, कारण तिथे शाळा जुलैत भरायच्या. नावाचंही असंच झालं, फक्त त्याची कोणी थट्टा करत नाही. बाप म्हणाला 'बाळ्या', तर मास्तरांनी त्याचा बाळकृष्ण केला की बाळासाहेब, ते मास्तरांच्या त्या दिवशीच्या मनावर. चांगले मास्तर विचारत. घाईतले मास्तर लिहीत.

हे सगळं मनात घोळायला लागलं ते पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावं पाहिल्यापासून. एका लग्नासाठी नागपूरला गेलो होतो, तिथून पुढे दोन दिवस त्या बाजूला जाणं झालं. गोव्यातल्या वाचकांपैकी बहुतेकांनी पांढुर्ण्याचं नाव ऐकलं असेल तर ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं करतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगडफेक. दरवर्षी माणसं जखमी होतात, दरवर्षी वर्तमानपत्रांत फोटो येतात. त्यापलीकडे या भागाची ओळख बाहेर नाही. वास्तविक हा संत्र्याचा आणि कापसाचा सुपीक मुलूख आहे. नागपूरहून पांढुर्णा शंभरेक किलोमीटर, सौंसर त्याहून जवळ. जुन्या गॅझेटियरांत छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग सांगितलेले आहेत, घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. सौंसर घाटाखाली. सातपुडा उतरून आलं की भाषा बदलते, ज्वारी-कापूस सुरू होतो आणि मराठी कानावर यायला लागते.

हा सगळा भाग नागपूरकर भोसल्यांचा. १८५३ साली रघूजी तिसरे वारले आणि इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, पुढे वऱ्हाड त्याला जोडलं गेलं. त्या प्रांतात हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषा नांदत होत्या, आणि राजधानी नागपूर असल्यामुळे सौंसरच्या माणसाला आपण कुठल्या कडेला आहोत असं वाटायचं कारण नव्हतं. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, आणि छिंदवाडा जिल्हा अख्खाच्या अख्खा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर आणि पांढुर्णा त्याच्याबरोबर राहिले. जिल्ह्याची रेघ मोडून तालुका वेगळा काढायचा कुणी आग्रह धरला नाही, की धरला तो चालला नाही, या वादात आज मी जात नाही. सासर-माहेर मात्र तसंच राहिलं. वरूड, नरखेड, सावनेर, काटोल इकडच्या मुली तिकडे आणि तिकडच्या इकडे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यात पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली आहेत. म्हणजे मध्य प्रदेशात आज एक जिल्हा असा आहे, की ज्याच्या गावागावांतून तुम्हाला मराठीत रस्ता विचारता येतो.

आता शाळेकडे येऊ.

महाराष्ट्रातल्या शाळेत मुलाचं नाव तीन शब्दांचं असतं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. हजेरी घेतानाही तसंच म्हणतात. हिंदी प्रदेशातल्या शाळेत ज्याला दाखिल-खारिज पंजी म्हणतात, त्यात मुलाच्या नावाचा रकाना वेगळा, पित्याच्या नावाचा वेगळा, मातेच्या नावाचा वेगळा. मुलाच्या रकान्यात नाव आणि आडनाव, एवढंच. यात वाईट काही नाही, उलट रकान्यांच्या दृष्टीने ते जास्त नीटनेटकं आहे. पण मराठी माणसाच्या डोक्यात वडिलांचं नाव हे रकान्यातलं माहितीचं कलम नसतं, ते त्याच्या नावाचा मधला भाग असतं. तो भाग काढला की नाव त्याला अर्धं वाटतं.

मला तिथे भेटलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी घरातले तीन कागद समोर ठेवले. नाव मी बदलून सांगतो, समजा काळे. आजोबांचा जुना दाखला मराठीत होता. त्यावर तीन शब्दांचं नाव आणि शेवटी ठसठशीत 'काळे'. यांचा स्वतःचा, १९५६ नंतरचा, हिंदीतला. त्यावर दोन शब्द, आणि 'काले'. नातीचा छापील, इंग्रजीत. तिथे तर काळे, काले, केल म्हणजे कोबीचा प्रकार, काहीही वाचा. एका घरात साठ-सत्तर वर्षांत आडनाव तीन वेळा लिहिलं गेलं आणि तिन्ही वेळा वेगळं. गुरुजींना राग नव्हता. ते म्हणाले, "लिहिणारा बिचारा घाटावरचा होता, त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यानं लिवलं."

हे मला पटलं, कारण ळ हा तसाही फसवा वर्ण आहे. मानक हिंदीच्या बोलण्यात तो नाही. गाडगीळ हिंदीत गाडगिल होतात. काशीच्या 'आज' या दैनिकाचे थोर संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे मराठी घरातले, पण हिंदीने त्यांच्या ड खाली टिंब देऊन त्यांना पराड़कर केलं आणि ते त्याच नावाने हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात गेले. आणि दुसरी गोष्ट, जी आपण पुण्या-मुंबईची पुस्तकं वाचणारे लोक विसरतो. वऱ्हाडी बोलीत ळ चा बहुतेक वेळा य होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, गूळ म्हणजे गुय. मग आजी घरात ज्याला 'काये' म्हणते, त्याला मराठी शाळेने 'काळे' लिहिलं आणि हिंदी शाळेने 'काले'. आता यातलं घरचं कुठलं आणि शाळेचं कुठलं? मराठी शाळेचा ळ हासुद्धा शाळेनेच आणलेला होता. फरक इतकाच, की त्या शाळेत मुलाला 'तू चुकीचं बोलतोस' असं म्हणणारे मास्तर निदान त्याचीच भाषा शिकवत होते.

म्हणून ळ गेला म्हणजे मराठी अस्मितेवर घाला, वगैरे मी म्हणणार नाही. तशी भाषणं खूप झाली. मला खुपली ती एक लहान गोष्ट. गुरुजी सांगत होते, की नात दुसरीत असताना वहीवर आजोबांनी शिकवलं तसं आडनाव घालून गेली, आणि वही परत आली ती ळ वर लाल गोल करून. रजिस्टरात जे आहे तेच लिही. शिक्षिकेचं चुकलं असं म्हणता येत नाही, नियम तिच्या बाजूने आहे. पण सात वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव चुकलं असं सांगितलं गेलं, आणि तिनेही ते मानलं. आता ती आजोबांना दुरुस्त करते म्हणे.

अर्थात कागदाच्या बाहेर त्या मुलखातली मराठी नावं अजून तग धरून आहेत, आणि अगदी सरकारी यादीत. सौंसरमधून २००८ आणि २०१३ साली विधानसभेवर निवडून आलेले आमदार नानाभाऊ मोहोड. भोपाळच्या सभागृहात 'नानाभाऊ' हे नाव पुकारलं गेलं असेल तेव्हा विंध्यातल्या आणि चंबळच्या आमदारांना ते कसं वाटलं असेल, देव जाणे. आपल्याला मात्र ते चुलत्यासारखं वाटतं. त्यांच्यानंतर २०१८ आणि २०२३ मध्ये निवडून आलेले विजय रेवनाथ चौरे. मध्ये वडिलांचं नाव, तंतोतंत मराठी पद्धत. पांढुर्ण्याची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, तिथे त्याच दोन निवडणुकांत निवडून आले नीलेश पुसाराम उईके. गोंड आडनाव, पण बांधणी मराठी. त्याच मतदारसंघाचे माजी आमदार रामराव कवरेती. गोंड माणसाच्या नावाला मराठी 'राव'! देवगडचे गोंड राजे, नागपूरचे भोसले आणि भोपाळचं सचिवालय, तिघांचा इतिहास या चार नावांत वाचता येतो. मतपत्रिकेवर उमेदवाराला आपण ज्या नावाने ओळखले जातो ते नाव मिळतं. पहिलीतल्या पोराला ती सवलत नाही.

हजेरीच्या वेळी मुलाने काय म्हणावं हेही मध्य प्रदेशात एकदा नियमाने ठरलं. ऑक्टोबर २०१७ पासून सतना जिल्ह्यात प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये साऱ्या सरकारी शाळांना आदेश गेला, की नाव पुकारल्यावर 'यस सर'ऐवजी 'जय हिंद' म्हणायचं. त्यावर बरीच चर्चा झाली. उत्तराची एवढी चर्चा झाली, पुकारलेल्या नावाची कोणी केली नाही.

पण शाळेच्या लेखणीवर एकतर्फी आरोप करणं हा अन्याय होईल. याच्या उलट बाजूची दोन उदाहरणं आहेत आणि योगायोगाने दोन्ही साताऱ्याची.

पहिलं सर्वांना माहीत असलेलं. महूच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातच, १४ एप्रिल १८९१ रोजी एका मराठी सुभेदाराच्या घरी मुलगा जन्मला. घरात त्याला भिवा म्हणत. मूळ गाव कोकणातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, जे पुढे प्रतापसिंह हायस्कूल झालं, त्याचं नाव दाखल झालं. रजिस्टरात १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे आणि समोर त्या मुलाची सही. महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला तो या नोंदीमुळे. आंबडवेकरचं आंबेडकर कसं झालं याबद्दल शाळेतल्या आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी प्रेमाने आपलं आडनाव दिलं, असं सांगितलं जातं. मला त्या नोंदीत जास्त बोलका वाटतो तो 'भिवा' हा शब्द. भीमराव नाही. घरातली हाक तशीच्या तशी सरकारी वहीत उतरली आहे. ज्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं जात होतं, त्याचं घरचं नाव आणि शाळेने दिलेलं आडनाव एकाच ओळीत शेजारी शेजारी बसले आहेत.

दुसरं उदाहरण अलीकडचं. सातारा जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली की 'नकुसा' किंवा 'नकोशी' नाव ठेवायची चाल होती. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. मूल जगावं यासाठी वाईट नाव ठेवायची रीत जुनीच आहे. धोंडू, दगडू, केरू ही नावं त्यातलीच. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथातही ती नोंदलेली आहे. पण दगडू नाव ठेवणाऱ्या आईला दगडू हवा असतो, म्हणून ती यमाला फसवते. नकुसाच्या नावात फसवणूक नाही, खरंच सांगितलेलं आहे. आणि हे नाव शाळेत दररोज मोठ्याने पुकारलं जायचं. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा प्रशासनाने समारंभ करून २८५ मुलींना नवीन नावांची प्रमाणपत्रं दिली. मुलींनी आपली नावं निवडली. बऱ्याच जणींनी देवींची किंवा सिनेनटींची नावं घेतली अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या, आणि शहरातल्या काही लोकांना त्याचं हसू आलं होतं. मला नाही आलं. ऐश्वर्या म्हणवून घ्यायचा हक्क नकुसाला नाही तर कुणाला?

इथे नियमाचा प्रश्न येतो. नाव बदलायला समारंभ का लागतो? कारण रजिस्टरात एकदा लिहिलेलं खरं मानायचं, हे सगळ्या शालेय नियमांचं मूळ तत्त्व आहे. महाराष्ट्रात माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे जनरल रजिस्टरातली नोंद मुख्याध्यापकाला आपल्या मनाने बदलता येत नाही. शाळा सोडल्यानंतर तर बदल होतच नाही असाच अर्थ वर्षानुवर्षं लावला जात होता. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उघड दिसणारी चूक नंतरही सुधारता येते असं स्पष्ट केलं. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या प्रमाणपत्रांबाबतचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ३ जून २०२१ रोजी न्यायमूर्ती खानविलकरांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला, की नाव हा माणसाच्या ओळखीचा आणि अभिव्यक्तीचा भाग आहे, तेव्हा मंडळाला बदल सरसकट नाकारता येणार नाही. त्याच निकालात एक भेद केला आहे. शाळेच्या मूळ नोंदीशी जुळवून घेण्यासाठी केलेली दुरुस्ती वेगळी आणि नवीन नाव घेणं वेगळं, दुसऱ्यासाठी अधिक कागद लागतात. म्हणजे इतकं करूनही शेवटी ती पहिली नोंद आलीच. पांढुर्ण्याच्या काळे-काल्यांची अडचण नेमकी तिथे आहे. त्यांची चूक मूळ नोंदीतच आहे, मग जुळवायचं कशाशी?

टोपणनावांपुरता मात्र एक नियम स्पष्ट आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने पुढे काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अपमानकारक नावाने हाक मारणं हे मानसिक छळात धरलं आहे. ढब्बू, काळ्या, चष्मिस म्हणणाऱ्या आमच्या वेळच्या मास्तरांचं आज काही खरं नव्हतं. पण पाहा, दुखावणाऱ्या टोपणनावासाठी कलम आहे, आणि मुलाला आवडणाऱ्या, त्याच्या कानाला सवयीच्या नावासाठी कुठेच रकाना नाही. बाहेरच्या जगातही हे असंच घडत आलं आहे. नेल्सन मंडेलांचं घरचं नाव रोलिहलाहला. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नेल्सन असं सांगितलं, आणि मूल नेल्सन झालं. अमेरिकेत १८७९ साली उघडलेल्या कार्लाइलच्या शाळेत मूलनिवासी मुलांना फळ्यावर लिहिलेल्या, त्यांना वाचताही न येणाऱ्या नावांतून छडीने एक दाखवायला सांगत. तेच पुढे त्यांचं नाव.

आपण गोंयकारांनी या सगळ्याकडे वरून पाहायचं कारण नाही. आमच्याही नावांवरून पोर्तुगीज लेखणी फिरलेली आहे. प्रभूचा पोरोबो, शेणवीचा सिनाय, कामतांचे कामोतिम, केंकऱ्यांचे केंक्रो. श लिहायला एक्स, क लिहायला क्यू. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांची पुस्तकं शोधायची तर 'पांडुरोंगा पिसुर्लेंकार' या स्पेलिंगने शोधावी लागतात. गावंही सुटली नाहीत. सांखळीतला ळ गेला, कुडचड्यातले ड र झाले, आणि डिचोलीच्या ड चा ब कसा झाला हे मला आजवर कुणी समाधानकारक सांगितलेलं नाही. १९६१ नंतर गावोगावी मराठी शाळा निघाल्या. तिथे मास्तरांनी मुलांची नावं देवनागरीत, आपल्या उच्चाराप्रमाणे लिहिली. त्या पिढीचा जन्मदाखला एका वळणाचा, शाळेचा दाखला दुसऱ्या वळणाचा.

हे कागद माझ्या टेबलावरून रोज जातात म्हणून सांगतो. अर्जाला जोडलेल्या कागदांत एक प्रतिज्ञापत्र जवळजवळ नेहमी असतं. अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती. सत्तरीचा म्हातारा येतो, स्टॅम्पपेपरवर सही करून सांगतो की मी आणि मी एकच. नावात खराच बदल करायचा असेल तर गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, पण स्पेलिंगसाठी कोण त्या फेऱ्यात पडतो? वकील, नोटरी, जाहिरात, दिवस मोडायचा. बहुतेक जण दोन नावांनी मरतात.

पांढुर्ण्यात आता हा भार मुलांवर लहानपणीच येतो. मध्य प्रदेशात प्रत्येकाला समग्र आयडी असतो, त्यावर आधार, आणि आता शाळकरी मुलांसाठी बारा अंकी 'अपार' क्रमांक. अपार निघायचा तर आधारवरचं आणि शाळेतलं नाव जुळायला हवं. जुळत नसेल तर एक बदलून घ्यायचं. सामान्य बाप कुठलं बदलतो? जे बदलायला कमी चकरा पडतात ते. ळ चा प्रश्न तिथे कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. खरं तर अडचण यंत्राची नाही. सरकारी कचेऱ्यांतल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत. एनची कळ दाबली की ल, शिफ्ट धरून दाबली की ळ. भोपाळला, छिंदवाड्याला, पांढुर्ण्याच्या नव्या जिल्हा कचेरीत, सगळीकडे तोच कळफलक. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक देवनागरीतही ळ ला जागा दिलेली आहे. प्रवेशाच्या दिवशी मुलाच्या आईला "तुम्ही कसं लिहिता?" एवढं विचारून तसं टंकायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.

महाराष्ट्राने मध्यंतरी आणखी एक पाऊल टाकलं. मार्च २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आलं. मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असा क्रम. गुरुजींच्या घरात त्या उन्हाळ्यानंतर दोन नातवंडं झाली आहेत, एक पांढुर्ण्याला मुलाचं, एक वरूडला मुलीचं. २०३० च्या सुमारास दोघं पहिलीत जातील. एकाच्या हजेरीपटावर दोन शब्द असतील, दुसऱ्याच्या चार. घरात सध्या दोघांनाही पिंटू म्हणतात, त्यामुळे एकाला हाक मारली की दोघं धावत येतात.